पाण्यावरचा सत्याग्रह आणि त्याचे वाङ्मय

१

मीठ ही वस्तू खरी स्वयंपाकघरातली. परंतु १९३० साली तीच देशाच्या राजकारणाचा विषय झाली आणि दांडीपासून आपल्या कोकणातील शिरोड्यापर्यंत समुद्राचे काठ सत्याग्रहींनी गजबजून गेले. वि. स. खांडेकर त्या काळी शिरोड्याच्या शाळेत शिकवीत होते. आमच्या खानदेशात साने गुरुजींनी त्याच साली अमळनेरची शाळा सोडली व ते चळवळीत पडले. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच उतरवून घेतली. मराठी लेखक, मराठी मास्तर आणि सत्याग्रह या तिघांची ओळख अशी जुनी आहे. ती कोणी नव्याने करून द्यावी असे नाही.

मात्र त्या सत्याग्रहींचे पाय जमिनीवर होते. किनारा संपला की त्यांचा रस्ताही संपत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सत्याग्रह पाण्यात उतरला. १९५८ साली अमेरिकेत क्वेकर विचाराने भारलेले चौघेजण ‘गोल्डन रूल’ नावाची शिडाची होडी घेऊन, प्रशांत महासागरात जिथे अणुचाचण्या होणार होत्या त्या बाजूला निघाले. त्यांचा कप्तान अल्बर्ट बिगेलो हा पूर्वी आरमारात अधिकारी होता, आणि गांधीजींचे उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर होते. होनोलुलूला सरकारने त्यांना अडवले व तुरुंगात टाकले. तेरा वर्षांनी, १९७१ साली, कॅनडातील व्हँकूव्हर बंदरातून ‘फिलिस कॉर्मॅक’ नावाची मासेमारीची जुनी बोट अलास्काजवळच्या अमचिट्का बेटाकडे निघाली. तिथेही अणुस्फोट व्हायचा होता. बोट बेटापर्यंत पोहोचली नाही आणि स्फोट टळला नाही. परंतु त्या बेटावरच्या चाचण्या पुढे बंद झाल्या, आणि त्या बोटीतून ‘ग्रीनपीस’ ही संस्था जन्माला आली.

क्वेकर मंडळींचा एक शब्द या संस्थेने उचलला : साक्ष देणे. अन्याय थांबवता आला नाही तरी तो घडतो त्या जागी जाऊन उभे राहावे, डोळे उघडे ठेवावेत, आणि पाहिलेले जगाला सांगावे. या शब्दात दोन गोष्टी आहेत हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. उभे राहणे हे कृतीचे काम. सांगणे हे वाङ्मयाचे. पहिल्याचा विचार पुष्कळांनी केला आहे. दुसऱ्याची पारख करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्या पारखेसाठी मी एकच प्रश्न हाती घेतो : जहाज निघून गेल्यावर जो माणूस त्या किनाऱ्यावर मागे राहतो, त्याला या वाङ्मयात बोलायला मिळते काय?

२

आधी प्रसंग सांगितला पाहिजे, कारण सर्वांच्याच वाचनात तो आला असेल असे नाही.

रशियाच्या उत्तरेला पेचोरा नावाचा समुद्र आहे. वर्षातील बरेच महिने तो गोठलेला असतो. तिथे किनाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर ‘प्रिराझलोम्नाया’ या नावाचा पोलादी प्लॅटफॉर्म समुद्रतळावर बसवलेला आहे. तो गाझप्रोम या रशियन कंपनीचा. ध्रुवीय समुद्रात तेल काढण्याला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे, की उघड्या समुद्रात सांडलेले तेल गोळा करणे हीच मुळात अवघड गोष्ट. बर्फाखाली, महिनोन्‌महिने सूर्य न उगवणाऱ्या काळोखात सांडले तर ते कोण आणि कशाने गोळा करणार? १९८९ साली अलास्कात ‘एक्झॉन व्हाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर चढले. त्यातले तेल पुढे अनेक वर्षे तिथल्या किनाऱ्यावर दगडगोट्यांखाली सापडत राहिले. शिवाय या प्रकरणात एक विलक्षण विपर्यास आहे. तेल-कोळसा जाळल्याने पृथ्वी तापते, तापल्यामुळे ध्रुवाचे बर्फ वितळते, आणि बर्फ वितळले म्हणून तिथले तेल काढायला वाट मोकळी होते! घराला आग लागली म्हणून भिंत पडली, आणि भिंत पडली म्हणून आतले लाकूड काढून त्याच आगीत घालायला सोपे झाले, तसा हा प्रकार.

१८ सप्टेंबर २०१३ रोजी ग्रीनपीसच्या ‘आर्क्टिक सनराइज’ या जहाजावरून रबरी होड्या निघाल्या व प्लॅटफॉर्मला जाऊन भिडल्या. फिनलंडची सिनी सारेला आणि स्वित्झर्लंडचा मार्को वेबर हे दोघे दोराने वर चढू लागले. वरून पाण्याचे फवारे सोडण्यात आले, तटरक्षकांनी इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या, आणि दोघांना पकडण्यात आले. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरमधून सशस्त्र सैनिक दोरावरून जहाजावर उतरले. जहाज ओढत मुर्मान्स्क बंदरात नेले गेले, आणि त्यावरील तीसही जण तुरुंगात गेले. त्यांत अठ्ठावीस ग्रीनपीसची माणसे होती व दोन स्वतंत्र पत्रकार. आरोप ठेवला चाचेगिरीचा. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत. पुढे आरोप बदलून गुंडगिरीचा केला. जहाजावर हॉलंडचा झेंडा असल्यामुळे हॉलंडने आंतरराष्ट्रीय समुद्र न्यायाधिकरणाकडे धाव घेतली. २२ नोव्हेंबरला त्याने जहाज आणि माणसे ३६ लक्ष युरोंच्या हमीवर सोडण्याचा आदेश दिला. तोवर रशियन न्यायालयांनीही जामीन द्यायला आरंभ केला होता. डिसेंबरात रशियन संसदेने माफीचा कायदा केला आणि मंडळी घरोघर परतली. जहाज मात्र २०१४ च्या जूनमध्ये सुटले.

आणि तेल? ते त्याच डिसेंबरात निघू लागले.

३

या प्रसंगावर बेन स्टुअर्ट यांनी २०१५ साली एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर ‘विश्वास ठेवू नका, भिऊ नका, भीक मागू नका’. रशियन तुरुंगातील कैद्यांचे हे जुने वचन आहे. स्टुअर्ट हे ग्रीनपीसचेच. जहाजावर ते नव्हते, परंतु सुटकेसाठी जी जगभर खटपट चालली होती तिच्यात होते. तेव्हा हे पुस्तक घरच्या माणसाने लिहिलेले आहे हे वाचकाने आरंभीच लक्षात ठेवावे. घरच्या माणसाने लग्नाचे वर्णन केले तर वरपक्षाचा वरणभात नेहमीच गोड असतो.

असे असूनही पुस्तक वाचनीय आहे, आणि त्याचे कारण लेखकाच्या निष्ठेत नसून तुरुंगात आहे. पहिल्या भागात समुद्र, दोर, होड्या, बंदुका असे सारे आहे. ते वेगवान आहे, थरारक आहे, आणि चित्रपटात शोभेल इतके नीटनेटके आहे. तिथे माणसे शूर आहेत. पण शूर माणसे एकमेकांसारखी दिसतात. कोठडीचे दार बंद झाल्यावर ती वेगवेगळी दिसू लागतात. कोणाला झोप येत नाही, कोणी दिवस मोजतो, कोणी रोजनिशी लिहितो. शेजारच्या खऱ्याखुऱ्या गुन्हेगारांकडून त्यांना तुरुंगाची रीत शिकावी लागते. मुर्मान्स्कच्या तुरुंगात रात्री कैदी खिडक्यांच्या गजांतून दोऱ्या सोडतात आणि मोज्यांत चिठ्ठ्या घालून एका कोठडीतून दुसऱ्या कोठडीत पाठवतात. या दोऱ्यांच्या जाळ्याला ते ‘दोरोगा’ म्हणतात. दोरोगा म्हणजे रस्ता. जगभर ज्यांची छायाचित्रे झळकत होती, ती माणसे रात्री चोरट्यांच्या दोरीवरून आपल्या सोबत्याचे दोन शब्द येण्याची वाट पाहत बसतात. येथे पुस्तक वृत्तान्ताची पातळी सोडून वाङ्मय होते.

तीस जणांत दिमा लित्विनोव्ह या नावाचा एक माणूस आहे. त्याचे पणजोबा स्टालिनच्या काळात परराष्ट्रमंत्री होते. आईचे वडील लेव कोपेलेव्ह हे त्याच राजवटीत श्रमछावणीत गेले. वडील पावेल हे १९६८ साली झेकोस्लोव्हाकियावरील आक्रमणाचा निषेध करायला लाल चौकात बसले आणि हद्दपार झाले. चौथ्या पिढीतला हा मुलगा पुन्हा रशियन कोठडीत बसतो! एखाद्या कादंबरीकाराने असे कथानक रचले असते तर ‘योगायोग फार झाले’ म्हणून समीक्षकांनी त्याचा कान धरला असता. त्या जहाजाचा कप्तान पीटर विलकॉक्स याचीही गोष्ट तशीच. १९८५ च्या जुलैत न्यूझीलंडच्या ऑकलंड बंदरात फ्रेंच हेरांनी ग्रीनपीसचे ‘रेनबो वॉरियर’ जहाज स्फोटाने बुडवले व त्यात एक छायाचित्रकार मरण पावला; त्या जहाजाचाही कप्तान तोच होता. स्टुअर्ट यांनी असल्या माणसांना न्याय दिला आहे.

परंतु माझा आरंभीचा प्रश्न पुस्तकाला विचारला की ते थोडे गोंधळते. पेचोरा समुद्राच्या काठी नेनेट्स नावाचे लोक राहतात. रेनडिअरचे कळप घेऊन ते पिढ्यान्‌पिढ्या हिंडत आले आहेत. तेल सांडले तर किनारा त्यांचा. जहाज गेल्यावर तिथे राहणार तेच. त्यांना या पुस्तकात फारशी जागा नाही. तसाच दुसरा माणूस प्लॅटफॉर्मवरचा कामगार. वरून पाण्याचे फवारे सोडणारे हात आपल्याला दिसतात, त्या हातांचा धनी दिसत नाही. तो तिथे का आला, घरी कोण आहे, खाली दोराला लटकणारी मुलगी पाहून त्याला काय वाटले, हे विचारायला कोणी थांबत नाही. प्रतिपक्षाला तोंड नसले की लढ्याची कथा सोपी होते, आणि सोपी झाली की लहान होते.

४

या कामगाराविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण तो आपल्या ओळखीचा आहे.

समुद्रातले तेल ही आपल्याकडे परदेशची गोष्ट नाही. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात तेल शोधून काढले आणि साऱ्या देशाला केवढा आनंद झाला! आपल्या घरातला गॅस, शेतावरचा पंप, एस.टी.ची गाडी या सर्वांशी त्या तेलाचा संबंध आहे. २७ जुलै २००५ रोजी त्याच बॉम्बे हायच्या एका प्लॅटफॉर्मला एक जहाज आदळले, आग लागली, आणि बावीस माणसे गेली. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात तिथे कामाला असलेल्या माणसांचा पी-३०५ हा तराफा बुडाला आणि कित्येक घरांतले कमावते हात गेले. चार दिवस वर्तमानपत्रांत रकाने भरले. पुढे सारे शांत. तेलाच्या समुद्रावर जीव धोक्यात घालणारा माणूस केवळ निषेध करणाऱ्यांतच नसतो, पगारावर काम करणाऱ्यांतही असतो.

यावरून काही चतुर मंडळी एक वेगळाच निष्कर्ष काढतात. ती म्हणतात, ‘तुमचे ते निषेधाचे जहाजही तेलावरच चालते ना? मग कसला निषेध?’ हा युक्तिवाद दिसतो तितका भारी नाही. १९३० साली मिठाचा कायदा मोडणारे सत्याग्रही त्याच सरकारच्या आगगाडीने जात आणि त्याच सरकारच्या पोस्टाने पत्रे धाडीत. ज्या घरात आपण राहतो त्या घराला दोष देण्याचा अधिकार राहणाऱ्यालाच असतो. परंतु या आक्षेपातला एक अंश खरा आहे, आणि वाङ्मयाने तो टाळू नये. तेल काढणारा एक, तेल विकणारा दुसरा, आणि तेल जाळणारे आपण सारे! निषेधाच्या कथेत हा तिसरा माणूस, म्हणजे वाचक, कुठे तरी आला पाहिजे. पुस्तक मिटल्यावर ‘ते दुष्ट, हे शूर, आणि मी प्रेक्षक’ असे वाटत असेल तर साक्ष अपुरी राहिली.

५

देखाव्याचा मोह हा या चळवळीचा खरा शत्रू, असे मला वाटते. समुद्रातल्या एकांतात केलेल्या कृतीला छायाचित्राशिवाय साक्षीदार नाही. म्हणून छायाचित्र हवे. एथपर्यंत ठीक. पण छायाचित्रासाठी कृती होऊ लागली की तोल जातो. २०१४ च्या डिसेंबरात पेरू देशात नाझकाच्या प्राचीन रेखाकृतींजवळ ग्रीनपीसच्या कार्यकर्त्यांनी विमानातून वाचता येईल असा मजकूर कापडी अक्षरांनी मांडला. त्यांच्या पावलांनी त्या जपून ठेवलेल्या जमिनीचे नुकसान झाले, आणि संस्थेला माफी मागावी लागली. पृथ्वी वाचवा असे सांगायला गेलेल्यांनी पृथ्वीवरचाच एक ठेवा तुडवला. जागेपेक्षा फलक मोठा झाला की असे होते. प्रचारकी कादंबरीतही नेमके हेच होते. तिथे पात्रांपेक्षा फलक मोठा असतो.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. कॅनडाच्या उत्तरेला इन्युइट लोक राहतात. सीलची शिकार हा त्यांचा पूर्वापार आधार. १९७०-८० च्या सुमारास सीलच्या शिकारीविरुद्ध ग्रीनपीसने मोठी मोहीम केली. तिचा रोख व्यापारी शिकारीवर होता, पण कातड्यांचा बाजारच बसला आणि मार इन्युइटांच्या घरावर पडला. २०१४ साली कॅनडाच्या ग्रीनपीसने त्याबद्दल त्यांची जाहीर माफी मागितली.

आणि त्यानंतर जे घडले ते या साऱ्या इतिहासातले मला सर्वांत आवडलेले पान आहे. बॅफिन बेटावर क्लाइड रिव्हर नावाची इन्युइटांची लहानशी वस्ती आहे. तिच्या समुद्रात तेलाचा ठाव घेण्यासाठी पाण्याखाली मोठे आवाज करून पाहणी व्हायची होती. त्या आवाजांनी देवमासे व सील दूर जातील म्हणून वस्तीने न्यायालयात दावा लावला, आणि ज्यांच्याशी जुने वैर होते त्या ग्रीनपीसची मदत घेतली. २०१६ साली तेच ‘आर्क्टिक सनराइज’ जहाज, मुर्मान्स्कच्या बंदरात अटकून पडलेले, क्लाइड रिव्हरला गेले, आणि त्याने काय नेले? सूर्याच्या उन्हावर वीज करणाऱ्या पाट्या! २६ जुलै २०१७ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : वस्तीशी नीट विचारविनिमय न करता दिलेली परवानगी रद्द.

या प्रसंगात कोणी दोराला लटकले नाही, गोळी सुटली नाही. म्हणून त्याची छायाचित्रे जगभर फिरली नाहीत. परंतु इथे जहाज नायक म्हणून आले नाही, पाहुणे म्हणून आले. दावा वस्तीचा, बोलणारे वस्तीचे, आणि जिंकले तेही वस्तीचेच. माझ्या प्रश्नाचे उत्तर इथे सापडते.

६

आता आपल्या घरी येऊ. पाण्यावरच्या सत्याग्रहासाठी खानदेशी वाचकाला ध्रुवापर्यंत जाण्याचे कारण नाही. सातपुडा ओलांडला की नर्मदा. अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली हे गाव तेव्हा आमच्या धुळे जिल्ह्यात होते. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि ते तिकडे गेले. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारे महाराष्ट्रातले हे पहिले गाव. १९९१ पासून दर पावसाळ्यात तिथल्या आदिवासींनी आणि मेधा पाटकर प्रभृती कार्यकर्त्यांनी ‘पाणी चढले तरी घर सोडणार नाही’ अशी प्रतिज्ञा करून सत्याग्रह मांडला. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ च्या अहवालात पुनर्वसनावर आणि पर्यावरणाच्या हयगयीवर कडक ताशेरे ओढले. मार्च १९९३ मध्ये बँकेचे उरलेले कर्ज थांबले. त्याच पावसाळ्यात मणिबेलीची घरे पाण्यात गेली. १९९४ साली जगातील अनेक देशांच्या संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जाविरुद्ध जे जाहीरनामापत्र काढले, त्याला नाव दिले ‘मणिबेली जाहीरनामा’. ज्या गावाला एस.टी. जात नव्हती त्या गावाचे नाव वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत वाचले गेले! १९९९ साली डोमखेडीला सत्याग्रहाच्या झोपडीत पाणी शिरले, कमरेच्या वर चढले. माणसे उभीच राहिली, आणि शेवटी पोलिसांनी त्यांना उचलून नेले.

इथेही परिणाम काय झाला म्हणाल तर, १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरण बांधायला परवानगी दिली, २०१७ साली धरणाचे लोकार्पण झाले, आणि २०१९ साली ते प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत काठोकाठ भरले. जिथे पायवाट होती तिथून आता होड्या जातात. दुष्काळी भागाला पाणी मिळाले, वीज मिळाली, हेही खरे. आमच्या गिरणेच्या खोऱ्यात धरणाच्या पाण्यावर पिके उभी राहिलेली आम्ही पाहतो, तेव्हा धरणाला सरसकट शिव्या देणे आम्हाला शोभणार नाही. प्रश्न एवढाच, की ज्याचे घर त्यात गेले त्याला कोणी विचारले होते काय?

पेचोरा समुद्रात आणि नर्मदेत एक मोठा फरक आहे. तिथे सत्याग्रही पाण्याकडे गेले. इथे पाणी सत्याग्रहींकडे आले. तिथे सत्याग्रह संपला की परतायला घर होते. इथे घर हीच सत्याग्रहाची जागा. म्हणून दोन्हींचे वाङ्मयही एका मापाने मोजता येत नाही.

७

आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ हा १९९५ सालचा माहितीपट या वाङ्मयातच धरला पाहिजे. ‘डायरी’ हे नाव सार्थ आहे. एका दिवसाच्या साहसाचे नाट्य त्यात रचलेले नाही. वर्षे जातात, पावसाळे येतात, माणसे बोलत राहतात. स्टुअर्ट यांच्या पुस्तकातील पहिल्या भागाला जी घाई आहे ती इथे नाही. पाणी हळू चढते, आणि हळू चढणाऱ्या पाण्याची भीती ही बंदुकीच्या भीतीहून वेगळी असते, हे चित्रपट पाहताना कळते.

परंतु माझ्या प्रश्नाला सर्वांत सरळ उत्तर देणारे पुस्तक आहे नंदिनी ओझा यांचे ‘लढा नर्मदेचा’. ओझा या स्वतः आंदोलनात अनेक वर्षे काम केलेल्या कार्यकर्त्या. पुस्तक मराठीत वाचायला मिळते. २०२२ साली ते इंग्रजीतही निघाले. मात्र त्यात बोलतात ते केशवभाऊ वसावे आणि केवलसिंग वसावे, आंदोलनाचे दोन आदिवासी नेते. त्यांच्या तोंडून ध्वनिमुद्रित केलेला हा इतिहास आहे. लेखिकेने आपला आवाज खाली ठेवला आणि त्यांचा वर येऊ दिला. लेखनात याहून कठीण गोष्ट नाही. कादंबरी लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा मोह ठाऊक असतो : पात्राच्या तोंडी आपलेच शहाणपण घालायचे आणि त्याला टाळ्या मिळाल्या की मान आपण तुकवायची. ‘लढा नर्मदेचा’ हे पुस्तक त्या मोहापासून दूर राहिले आहे, आणि म्हणूनच त्यात ‘आंदोलन’ या मोठ्या शब्दाआड लपणारी रोजची माणसे सापडतात. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांकडे गावकरी कसे पाहत होते, हेही तिथे गावकऱ्याच्याच नजरेतून येते. किनाऱ्यावरचा माणूस जहाजाविषयी काय म्हणतो, ते ऐकायला मिळणे ही दुर्मिळ गोष्ट आहे.

कोणी म्हणेल, ही साक्ष झाली, कलाकृती नव्हे. हा वाद आपल्याकडे नवीन नाही. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, यावर फडके-खांडेकरांच्या काळापासून आपण दिवाळी अंकांची पुष्कळ पाने खर्ची घातली आहेत. त्याचे उत्तर शोधायला विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ घ्यावी. १९९१ साली निघालेल्या या कादंबरीला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. धरणाने उठवलेल्या माणसांची ही कथा. तिच्यातले खैरमोडे गुरुजी हे माझ्या व्यवसायाचे. म्हणून त्यांच्याकडे मी जरा अधिक बारकाईने पाहतो. लेखकाने त्यांना पुतळा केलेले नाही. कचेरीच्या पायऱ्या चढणारा, अर्ज लिहिणारा, माणसे फुटताना पाहणारा असा हा शिक्षक आहे. कादंबरीत केवळ सरकार वाईट आणि गाव चांगले असा हिशेब नाही. विस्थापितांतलेच काही जण विस्थापितांना लुबाडतात. प्रतिपक्ष आपल्या घरातही असतो हे सांगण्याचे धैर्य या कादंबरीत आहे, आणि ते धैर्य मला ध्रुवावरच्या पुस्तकात दिसले नाही.

मात्र तीन पुस्तके झाली म्हणून समाधान मानण्याजोगी स्थिती नाही. मणिबेलीच्या परिसरात भिलोरी आणि पावरी बोलणारी माणसे आहेत. १९९१-९२ च्या सुमारास आंदोलनाने तिथे ‘जीवनशाळा’ सुरू केल्या आणि डोंगरातली पोरे प्रथमच आपल्या बोलीच्या आधाराने अक्षरे गिरवू लागली. त्या शाळांत शिकलेली पहिली पिढी आज तिशी-चाळिशीत आहे. बुडालेल्या गावाची खरी कादंबरी त्या पिढीकडून यायची आहे. बहिणाबाईंच्या बोलीला मराठीने डोक्यावर घेतले हे खरे. परंतु तापीकाठच्या बोलीला जे मिळाले ते नर्मदाकाठच्या बोलीला मिळण्यासाठी प्रकाशकांनी आणि संपादकांनी डोंगर चढण्याची तयारी ठेवली पाहिजे. कोकणातल्या कोळ्याच्या होडीलाही हेच लागू आहे. समुद्रावरची सुंदर वर्णने मराठीत पुष्कळ आहेत; पण तेलाचा तवंग आलेल्या पाण्यातून रिकामे जाळे ओढणाऱ्याचे दुःख हे किनाऱ्यावर उभ्या असलेल्या पाहुण्याने लिहिण्याजोगे नव्हे.

८

तात्पर्य काय? दोन्ही ठिकाणचे सत्याग्रह तत्काळ यशस्वी झाले नाहीत. प्रिराझलोम्नायाचे तेल निघाले, नर्मदेचे पाणी भरले. तथापि पूर्ण पराभव झाला असेही नाही. २०१५ साली आंतरराष्ट्रीय लवादाने रशियाने कायदा मोडला असा निर्णय दिला. २०१९ मध्ये त्या वादात रशियाने हॉलंडला २७ लक्ष युरो देण्याचे मान्य केले. शेल कंपनीने अलास्काच्या चुकची समुद्रातले तेलाचे काम २०१५ च्या सप्टेंबरात सोडले. तेल पुरेसे सापडले नाही, खर्च फार, ही कंपनीची कारणे होती. पण त्याच उन्हाळ्यात सिएटलच्या बंदरात शेकडो माणसे चिमुकल्या वल्ह्यांच्या होड्या घेऊन त्या प्रचंड यंत्राभोवती जमली होती, हेही कोणी विसरू नये. नर्मदेमुळे जगातल्या धरणांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. जागतिक धरण आयोग नेमला गेला आणि त्यावर मेधा पाटकर सदस्य होत्या.

परंतु जय-पराजयाचा हिशेब राजकारणाने करावा. वाङ्मयाचा हिशेब वेगळा आहे. सत्याग्रहाच्या पुस्तकाची पारख करताना मी तीन प्रश्न विचारीन. ज्याच्या दारात पाणी आले तो त्यात बोलतो का? समोरच्याला तोंड आहे का? आणि पुस्तक मिटताना वाचक आपल्या हाताकडे एकदा तरी पाहतो का? स्टुअर्ट यांचे पुस्तक कोठडीत शिरल्यावर यांतल्या एकाही प्रश्नाचे पुरे उत्तर देत नाही, तरी माणूस कसा लहान होऊन मोठा होतो हे दाखवते. म्हणून ते वाचावे. ‘लढा नर्मदेचा’ पहिल्या प्रश्नाला उत्तर देते. ‘झाडाझडती’ दुसऱ्याला देते. तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र देणारे पुस्तक अजून व्हायचे आहे. ते मराठीत, आणि शक्यतो सातपुड्याच्या पलीकडच्या उतारावरून, यावे असे मला वाटते.

दिवाळीच्या दिवसांत हे सारे कशाला, असे एखाद्या गृहिणीच्या मनात आले तर तिचा राग धरू नये. सणाच्या दिवशी घरात फराळ आहे, पोरे आनंदात आहेत, दारात पणत्या आहेत. वाचनही हलके असावे असे वाटणारच. परंतु आपल्या घरात अंकाची वाट पाहणारी नववी-दहावीची मुले असतील. त्यांना नकाशावर पेचोरा समुद्र शोधायला सांगा, मग मणिबेली शोधायला सांगा. पहिला चटकन सापडेल. दुसऱ्या गावाच्या जागी बहुधा निळे पाणीच दिसेल. ते पाणी आधी काय होते, हे मुलांनी विचारले म्हणजे त्यांच्या हाती ‘लढा नर्मदेचा’ द्यावे. मास्तराला याहून अधिक काही सांगायचे नाही.